वाऱ्याचं टाइमटेबल

रविवार, सकाळचे दहा. डाव्या हाताला जयगडचं दीपगृह, समोर सपाट समुद्र आणि डोक्यावर मरगळून लटकलेली शिडं. वारा शून्य! इंजिनचाही पत्ता कट, कारण पहाटे जाळ्याचा एक तुटका दोर पंख्यात गुंतला होता. रत्नागिरी अजून साधारण १८ सागरी मैलांवर, पर्समध्ये रात्रीच्या गाडीचं तिकीट आणि सोमवारी प्रेझेंटेशन!

ही शिडाची यॉट मैत्रिणीच्या काकांची. शनिवारी पहाटे गेटवेहून निघालो, तेव्हा मुंबई ते रत्नागिरी, म्हणजे जेमतेम १२० सागरी मैल, हा मस्त वीकएण्ड वाटला होता. आजीच्या पिढीसाठी भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी बोट हाच गावचा रस्ता होता. आपण मात्र कोकण बघतो ते गाडीच्या खिडकीतून.

"काका, आता काय?"

"आता चहा टाक. मतलई पडला. दुपारी खारा येईल."

मतलई, खारा! शाळेत भूगोलाच्या मार्कांसाठी घोकलेले शब्द. रात्री जमीन लवकर थंड होते आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तो मतलई. दिवसा जमीन तापते आणि समुद्राकडून येतो, तो खारा. हिवाळ्यात कोकण किनाऱ्यावर या दोघांची शिफ्ट ड्युटी चालते. पण शिफ्ट बदलताना मध्ये कुणीच ड्युटीवर नसतं, हे पुस्तकात नव्हतं!

मी बॉसला मेसेज टाइप केला, पुसला, पुन्हा टाइप केला. ते बघून काकांनी कमांडर दिलीप दोंदेंचा विषय काढला. गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. नऊ महिने, वाटेत फक्त चार थांबे. आणि मला तीन तास जड जात होते! मोबाइल बॅगेत टाकला.

एकच्या सुमारास उजव्या कानामागे गार झुळूक लागली. शिडं फडफडली, फुगली, यॉट कलली आणि सहा नॉटने, म्हणजे ताशी अकरा किलोमीटरने पळू लागली. ऐकायला हळू वाटतं ना? एकदा पाण्यावर बसून बघा!

साडेचारला रत्नदुर्गाला वळसा घालून मिरकरवाड्याजवळ नांगर टाकला. पुढे मांडवीची काळी वाळू. याच गावात इंग्रजांनी १८८६ मध्ये ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला आणून ठेवलं आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. तीस वर्षं समुद्र शेजारी, पण परत जायची परवानगी नाही. माझी गाडी तर रात्रीच होती.

गाडी मिळाली, प्रेझेंटेशनही झालं. तुम्ही गेलात तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी गाठा, टोपी विसरू नका आणि मुख्य म्हणजे सोमवारची रजा टाकूनच निघा. वारा येतो, पण तुमचं कॅलेंडर बघून येत नाही.