वेलांटी, रफार आणि टर्मिनल

मुंबईतल्या कोकणी ग्रामस्थ मंडळांच्या कपाटात हमखास एक सीडी सापडते. तिच्यावर रौप्यमहोत्सवी स्मरणिका असते, देणगीदारांची यादी असते, एखाद्या हौशी कार्यवाहाने जमवलेली भावकीची वंशावळही असते. डीटीपीवाल्याने पेजमेकरमध्ये पानं लावली, छपाई उरकली आणि ‘जपून ठेवा हो’ म्हणत सीडी हातात दिली. मंडळाने जपली. आता नातवंडांना ती स्मरणिका मोबाइलवर वाचायची आहे, आणि फाईल उघडली की समोर येतात डॉलरची चिन्हं, डोक्यावर टिंबं असलेले युरोपीय स्वर आणि मधूनच रिकामे चौकोन.

हा मजकूर युनिकोडमध्ये आणून द्यायचा, हे दक्षिण रायगडातल्या तळा गावात बसून मी करतो त्या कामांपैकी एक. पैसा बेताचा, डोक्याला खुराक मात्र भरपूर. अलीकडे टर्मिनलमध्ये चालणारे एआय एजंट या कामात हाताशी आले, आणि त्यांच्यामागोमाग मित्रांचा ठरलेला प्रश्न आला: खुला वापरतोस की विकतचा? एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण त्या एका प्रश्नात दोन-तीन प्रश्न अडकले आहेत. ते सुटे करायचे तर फॉन्टपासूनच सुरुवात केलेली बरी.

देवनागरीला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती पहिल्या आवृत्तीतच, 1991 मध्ये. पण छापखान्यांना ती वापरता येत नव्हती. विंडोजमध्ये देवनागरीची सोय विंडोज 2000 पासून आली, आणि पेजमेकरची 2001 मधली 7.0 ही शेवटची आवृत्तीही युनिकोड मराठीच्या वाटेला गेली नाही. मधल्या काळात मराठी छापली कुणी? श्रीलिपी, आकृती, कृतिदेव यांसारख्या फॉन्टनी. इंग्रजी अक्षरांच्या खणांत त्यांनी मराठीचे तुकडे बसवले: अर्धा स, काना, वेलांटी, रफार. प्रत्येकाची मांडणी वेगळी. एकाच्या खणात जिथे ‘क’ तिथे दुसऱ्याकडे मात्रा. त्या काळची गरज त्यांनी भागवली, त्याबद्दल तक्रार नाही. पण मजकूर वाचण्याची किल्ली फॉन्टबरोबर गेली, आणि फॉन्ट नाही तिथे मजकूरही नाही.

इथून जवळ राजपुरीच्या खाडीवर कुड्याची लेणी आहेत. तिथल्या ब्राह्मी लेखांत दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, त्यांत माळी आहे, लोखंडाचा व्यापारी आहे. साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची ही देणगीदारांची यादी आज वाचता येते, कारण 1837 च्या सुमारास जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मीचा उलगडा पुरा केला आणि तो छापून सगळ्यांना मोकळा केला. मंडळाची 1998 ची देणगीदारांची यादी मात्र अडून बसते.

अडण्याचं कारण बारीक आहे. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. ‘आर्थिक’ हा शब्द घ्या. जुन्या फाइलीत क्रम असतो: आ, पहिली वेलांटी, थ, रफार, क. युनिकोडला हवा: आ, र, हलन्त, थ, वेलांटी, क. म्हणजे एकाच ‘थ’वरून वेलांटीने उडी मारून पुढे जायचं आणि रफाराने मागे यायचं. ‘स्थिती’मध्ये वेलांटीला अर्धा स आणि थ असे दोन्ही ओलांडावे लागतात. त्यात काही फॉन्टमध्ये वेलांटी, रफार आणि अनुस्वार मिळून एकच तुकडा असतो, तो आधी फोडावा लागतो. ही कसरत हाताने लिहिता येते, मी लिहीत होतो. एजंटने ती वेगात होते.

एजंट म्हणजे दोन गोष्टी. एक मॉडेल, जे विचार करतं. दुसरा त्याच्याभोवतीचा प्रोग्राम, जो तुमच्या टर्मिनलमध्ये चालतो, फाइली वाचतो, कोड बदलतो, टेस्ट चालवतो आणि जे निघेल ते परत मॉडेलपुढे ठेवतो. खुलं-बंदचा घोळ इथेच होतो. अँथ्रॉपिकचं क्लॉड कोड फेब्रुवारी 2025 मध्ये आलं, त्यात प्रोग्रामचा परवानाही कंपनीचा आणि मॉडेलही. ओपनएआयचं कोडेक्स सीएलआय त्याच वर्षी एप्रिलमध्ये आणि गूगलचं जेमिनाय सीएलआय जूनमध्ये आलं, दोन्ही अपाची 2.0 परवान्याखाली. पण त्यांच्यामागे कंपनी जे मॉडेल जोडून देते ते कंपनीच्याच यंत्रांवर चालतं. घराचं दार उघडं, तिजोरी बंद. एडर हा त्यांच्याही आधीचा, 2023 पासूनचा. तो आणि ओपनकोड कुठलंही मॉडेल जोडू देतात, अगदी स्वतःच्या टेबलाखालच्या मशीनवरचंसुद्धा. आणि मॉडेलांतही ‘खुलं’ म्हणजे बहुतेक वेळा फक्त वेट्स, म्हणजे शिकून तयार झालेल्या मॉडेलचे आकडे, डाउनलोड करता येतात इतकंच. कशावर शिकवलं ते गुलदस्त्यात. ओपन सोर्स इनिशिएटिव्हने ऑक्टोबर 2024 मध्ये खुल्या एआयची व्याख्या केली तेव्हा प्रशिक्षणाच्या डेटाविषयी पुरेशी माहिती देण्याची अट घातली. त्या चाळणीतून नावाजलेल्यांपैकी फारच थोडे खाली उतरतात.

खुलेपणाचा खरा पुरावा मला परवान्याच्या मजकुरात दिसला नाही, जुलै 2025 मध्ये दिसला. जेमिनाय सीएलआय येऊन महिनाही धड झाला नव्हता, तोच अलीबाबाच्या क्वेन गटाने त्याच कोडवरून आपलं क्वेन कोड उभं केलं आणि आपल्या मॉडेलला जोडलं. कायदेशीरपणे, उघडपणे, मूळ प्रकल्पाचं नाव घेऊन. बंद हत्याराच्या बाबतीत हे होऊच शकत नाही.

पण ही झाली दुरून दिसणारी बाजू. हातात घेतल्यावर काय होतं, ते ‘गावकऱ्यांनी’ या शब्दाने मला दाखवलं.

स्मरणिकांमध्ये हा शब्द पानोपानी असतो. गावकऱ्यांनी श्रमदान केलं, गावकऱ्यांनी सभामंडप बांधला. एका फाइलीत तो सगळीकडे ‘गावकर्यांनी’ असा उतरला. मराठी वाचणाऱ्याला हे खड्यासारखं लागतं. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, हा फरक आपल्याला शाळेपासून ठाऊक. मी घरच्या मशीनवर चालणाऱ्या एका छोट्या मॉडेलला चूक दाखवली. त्याने चटकन नियम लिहिला: जिथे ‘र्य’ तिथे ‘ऱ्य’. गावकरी सुधारले, आणि पुढच्याच ओळीत ‘काऱ्यकर्ते’ उगवले. सूर्याचा सूऱ्य झाला. टेस्ट नापास झाली तेव्हा महाशयांनी टेस्टमधला अपेक्षित शब्दच बदलून ‘काऱ्यकर्ते’ केला आणि सगळं हिरवं झाल्याचं कळवलं.

तोच पेच मी एका विकतच्या, बंद एजंटपुढे ठेवला. त्याने नियम लिहिला नाही. आधी मूळ फाइलीतले बाइट काढून पाहिले, ‘गावकऱ्यांनी’ आणि ‘कार्यकर्ते’ यांतल्या ‘र’साठी दोन वेगळे कोड आहेत हे दाखवलं, आणि जुन्या कोडांना युनिकोडशी जोडणाऱ्या माझ्या तक्त्यात ते दोन्ही एकाच ठिकाणी जोडलेले आहेत म्हणून सांगितलं. बरोबर होतं. तो तक्ता मुळात हिंदीसाठी बनलेला. हिंदीला या आडव्या ‘र’ची गरजच नाही, त्यामुळे बनवणाऱ्याने दोन्ही रफारातच ढकलले होते. एका ओळीची दुरुस्ती.

तेव्हा अक्कल कुणाकडे जास्त, असं विचाराल तर आज तरी मोठ्या बंद मॉडेलांकडे. हे मान्य न करता खुल्याचा झेंडा मिरवण्यात अर्थ नाही. पण त्याच विकतच्या एजंटने काही दिवसांनी कामाच्या ऐन मध्यावर वापराची मर्यादा संपल्याचं सांगून हात वर केले, आणि पुढच्या अपडेटनंतर त्याची बोलण्या-वागण्याची रीतच बदलली. का बदलली ते वाचायला जागा नाही. खंडाने घेतलेल्या बागेसारखं आहे हे: हंगामाचे आंबे तुमचे, पण कलमं कधी तोडायची ते मालक ठरवणार. खुल्या एजंटमध्ये मॉडेलला दिल्या जाणाऱ्या सूचना मी वाचू शकतो. तो फाईल बदलताना ओळी कशा शोधतो हेही पाहू शकतो, आणि ते मी पाहिलंही, कारण देवनागरीत दिसायला सारखा शब्द दोन वेगळ्या क्रमांकांनी लिहिलेला असला की ‘ओळ सापडली नाही’ असं म्हणून हे प्रोग्राम अडतात. ‘ऱ’ एकसंध लिहिता येतो किंवा र आणि नुक्ता मिळून. डोळ्याला फरक शून्य. खुल्या एजंटमध्ये ती तुलना करणारी जागा सापडली आणि मी तिथे दोन्ही रूपं आधी एकसारखी करून घेणारी ओळ घातली.

खर्चाचंही एक मराठी अंग आहे. मॉडेल मजकुराचे तुकडे करून वाचतं, त्यांना टोकन म्हणतात, आणि बिल व मर्यादा दोन्ही टोकनांवर. ओपनएआयने मे 2024 मध्ये जीपीटी-फोर-ओ आणताना स्वतःच नमुना दिला होता: जे मराठी वाक्य आधी 96 टोकन खायचं ते आता 33 मध्ये बसतं. म्हणजे त्याआधी मराठी माणूस त्याच वाक्याला जवळजवळ तिप्पट टोकन मोजत होता. सुधारणा झाली, तरी सबंध स्मरणिका एजंटच्या तोंडात कोंबणं मूर्खपणाच. आणि फक्त पैशाचा प्रश्न नाही. मॉडेलला सरळ ‘हा मजकूर युनिकोडमध्ये करून दे’ म्हटलं तर ते मजकूर सुधारतं. बोलीतला शब्द प्रमाण करतं, आडनाव ओळखीचं करतं, 1998 च्या शुद्धलेखनाला आजचा मुलामा देतं. म्हणून मी एजंटकडून मजकूर कधीच बदलून घेत नाही. मजकूर बदलणारा प्रोग्राम लिहून घेतो. प्रोग्राम एकदा बरोबर झाला की तो प्रत्येक वेळी तेच करतो, आणि वीज-इंटरनेट दोन्ही गेलं तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर चालतो. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळाने दक्षिण रायगडात खांब आडवे केले तेव्हापासून या शेवटच्या गुणाला मी फार मार्क देतो.

वंशावळीचं मात्र वेगळं. कोकणात भावकीची वंशावळ म्हणजे निम्मा जमिनीचा दावा. कोण दत्तक गेलं, कुणाची शाखा खुंटली, कोण मुंबईला जाऊन परत आलंच नाही. अशी फाईल कुणाच्याही दूरच्या यंत्रावर पाठवायची नाही, हा माझा नियम. इथे एजंटचा परवाना विचारून उपयोग नाही. खुल्या प्रोग्राममागे दूरचं मॉडेल असेल तरी मजकूर बाहेर जातोच. अशा कामाला घरचं मॉडेल. ओपनएआयने ऑगस्ट 2025 मध्ये अपाची परवान्याने दिलेल्या जीपीटी-ओएसएसची लहान आवृत्ती 16 जीबी मेमरीत चालावी अशी बेतलेली आहे. क्वेनची कोडसाठीची लहान मॉडेलंही आहेत. घरच्या मशीनवर ती सावकाश चालतात, चुकतातही जास्त. चालेल. चुका पकडता येतात, बाहेर गेलेली वंशावळ परत आणता येत नाही.

चुका पकडायच्या तर टेस्ट आपल्या ताब्यात हव्यात. काऱ्यकर्त्यांच्या प्रकरणानंतर माझी टेस्टची फाईल वेगळ्या युझरच्या नावावर आहे, वेगळ्या फोल्डरमध्ये. एजंट ती वाचू शकतो, लिहू शकत नाही. तिच्यात एका बाजूला जुन्या फॉन्टचे कोड, दुसऱ्या बाजूला छापील पानावरून मी स्वतः टंकलेला शब्द. आर्थिक, स्थिती, गावकऱ्यांनी, कार्यकर्त्यांनी, दर्या, दऱ्या, अ‍ॅड., आणि अर्थात तळा, कारण ‘ळ’चा ‘ल’ करणारे तक्तेही फिरतात. फॉन्टचा तक्ता आणि कामाच्या टिपा साध्या मजकुराच्या फाइलींत, गिटमध्ये. या तीन गोष्टी असल्या की एजंट बदलायला फार तर अर्धी दुपार लागते. माझा निवाडा एवढाच: पेच सोडवायला विकतचा घ्या, माणसांची नावं असतील तिथे घरचा घ्या, आणि भोवतालचा प्रोग्राम शक्यतो खुला ठेवा म्हणजे मॉडेल बदललं तरी बस्तान हलवावं लागत नाही. तक्ता आणि टेस्ट मात्र कुठल्याही एजंटच्या हवाली करू नका.

आणि ज्यांच्या मंडळाच्या कपाटात ती सीडी आहे त्यांना विनंती. नुसती सीडी पाठवू नका. ज्या फॉन्टमध्ये मजकूर लावला त्याचं नाव पेजमेकरच्या फाइलीत सापडतं, ते लिहून घ्या. फॉन्टची फाईल असेल तर ती सीडीसोबतच ठेवा. आणि स्मरणिकेची एक छापील प्रत, वाळवी लागली असली तरी, रद्दीत घालू नका. ‘गावकऱ्यांनी’ बरोबर उतरलं की नाही हे ठरवायला तेवढी एकच साक्ष आहे.