गाळ

तेरेखोल नदीला मोठा पूर आला की बांद्याची बाजारपेठ पाण्यात जाते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गेली, २०२१ च्या जुलैमध्येही गेली. पाणी ओसरलं की पाहणाऱ्याला वाटतं, संपलं. पण दुकानदाराचं खरं काम तिथूनच सुरू होतं. फळीखाली, कपाटामागे, गल्ल्याच्या सांदीत गाळ बसलेला असतो. आमची आजी म्हणते, "पाणी गेला म्हणान पूर गेलो असा नाय!"

आजीचं हे बोलणं संगणकालाही लागू पडेल, असं मात्र मला कधी वाटलं नव्हतं.

धाकटा भाऊ बारावीत गेला आणि एका संध्याकाळी आपणहून म्हणाला, "ताई, ह्यो गेम काढून टाकूया. मुळासकट." 'मुळासकट' या शब्दाला कारण होतं. आदल्या वर्षीही त्याने तो खेळ काढला होता. पण दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा घातला, तेव्हा जिथे सोडला होता तिथूनच तो पुढे सुरू झाला. जणू मध्यंतरी काही घडलंच नव्हतं!

असं का होतं? खेळ संगणकात येताना बरोबर आणलेल्या सामानाची एक यादी करून ठेवतो. आपण 'अनइन्स्टॉल' म्हटलं की त्या यादीबरहुकूम सामान उचललं जातं. पण पुढे खेळता खेळता ज्या फाइली तयार होतात, त्या बहुधा या यादीत नसतात. शिवाय आपली प्रगती साठवणाऱ्या फाइली बरेच खेळ मुद्दामच मागे ठेवतात. न जाणो, खेळणारा परत आला तर! २००३ साली संगणकावर आलेल्या 'जीटीए व्हाइस सिटी'चंच पाहा. खेळ काढला तरी 'डॉक्युमेंट्स'मध्ये त्याच्या नावाचं फोल्डर तसंच राहतं, आणि साठवून ठेवलेले डाव त्यात असतात.

तेव्हा आम्ही दोघं गाळ उपसायला बसलो. आधी 'सेटिंग्ज'मधून खेळ रीतसर काढला. मग 'प्रोग्रॅम फाइल्स'मधलं त्याचं रिकामं फोल्डर. नंतर 'डॉक्युमेंट्स'मधलं 'माय गेम्स' आणि शेजारचं 'सेव्ह्ड गेम्स' उघडून पाहिलं. पुढची जागा लपलेली असते. विंडोजची खूण असलेलं बटण आणि आर एकदम दाबायचं, टक्क्याच्या दोन चिन्हांमध्ये 'ॲपडेटा' असं इंग्रजीत लिहायचं, की दार उघडतं. ते थेट 'रोमिंग'मध्ये नेतं; तिथून एक पायरी वर गेलं की 'लोकल', 'लोकल-लो' आणि 'रोमिंग' अशा तीन खोल्या दिसतात. तिन्ही पाहाव्या लागतात. शेवटी 'रजिस्ट्री'. ही संगणकाची जमाखर्चाची वही. तिची प्रत आधी काढून ठेवली आणि फक्त त्या खेळाच्या नावाची नोंद खोडली. दुसरी एखादी नोंद चुकून गेली तर संगणकच रुसायचा.

सगळ्यात शेवटी राहिलं साठवलेल्या डावांचं फोल्डर. जागा म्हणाल तर त्याने नखाएवढी व्यापलेली. पण त्यात भावाची दोन वर्षं होती. रात्री जागून जिंकलेले टप्पे, शाळूसोबत्यांना दाखवून मिळवलेली शाबासकी. मला कसंसंच झालं. म्हटलं, "पेनड्राइव्हवर ठेवूया काय? परीक्षा झाल्यावर बघूया."

तो पडद्याकडे बघतच म्हणाला, "ठेवलंस तर मी शोधून काढतलंय."

यावर मी काय बोलणार? त्याने शिफ्ट आणि डिलीट ही दोन बटणं एकदम दाबली. असं केलं की फाइल कचरापेटीतही जात नाही. 'कायमचं पुसायचं ना?' असं संगणकाने विचारलं. त्याने 'होय' म्हटलं.

आजकालच्या कितीतरी खेळांना एवढंही पुरत नाही. 'स्टीम'सारख्या दुकानातून घेतलेल्या अनेक खेळांची प्रगती क्लाउडवरही जपलेली असते आणि खेळ पुन्हा घालताच खाली उतरते. भावाचा खेळ जुना, सीडीवरून घातलेला. त्याला ती वाट नव्हती.

खेळ बनवणाऱ्याने परतीची वाट राखून ठेवावी, यात मला काही वावगं दिसत नाही. तो तर पाहुण्याचा सत्कारच. पण ती वाट बुजवायची असेल तर ते काम यंत्र आपणहून करत नाही. एकेक दार आपणच उघडावं लागतं, आत काय आहे ते पाहावं लागतं, आणि मगच 'होय' म्हणावं लागतं. सतरा वर्षांच्या मुलाने ते म्हटलं, याचं मला अजून नवल वाटतं.