सरळ रेषेला आधार हवाच

घरात थोडंसं सुतारकाम काढलं, की आधी प्रश्न पडतो मिस्त्रीचा. मोठं काम असेल तर मिस्त्री मिळतो, पण एका टेबलासाठी यायला कोणी तयार होत नाही. आमच्या मुलीची दहावी तोंडावर आली होती आणि ती पलंगावर वही ठेवून, पाठ वाकवून अभ्यास करत होती. शेवटी ठरवलं, टेबल आपणच करायचं.

कॉलनीतल्या मिस्त्रीकाकांकडे मी गोल करवतीचं मशीन मागितलं, तेव्हा सासूबाई घाबरल्याच. "अगं, बोटं जातील!" त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. काकांच्या डाव्या हाताची दोन बोटं अर्धीच आहेत. ते म्हणाले, "ताई, मशीन देतो, पण आधी शिकून घ्या."

पहिला धडा, नजरेवर विसंबायचं नाही. हे पातं मिनिटाला चार-पाच हजार फेरे घेतं. मशीन जरा तिरकं झालं, की पातं लाकडात अडकतं आणि मशीन झटक्याने मागे उसळतं. म्हणून प्लायवर एक सरळ, जाड पट्टी दोन्ही टोकांना शिकंज्याने घट्ट आवळायची आणि मशीनची बैठक तिला टेकवूनच पुढे न्यायची.

पट्टी कुठे लावायची, यात साधा हिशेब आहे. बैठकीच्या कडेपासून पात्याच्या जवळच्या दातापर्यंतचं अंतर मोजायचं. आमच्या मशीनचं ते १२ सेंटिमीटर भरलं. फळी ६० सेंटिमीटर रुंद हवी होती, म्हणून पट्टी कडेपासून ४८ सेंटिमीटरवर लावली. पातं जो दोन-तीन मिलिमीटरचा भुसा करतं, तो टाकाऊ तुकड्यातून गेला पाहिजे.

१८ मिलिमीटरच्या प्लायखाली पात्याचे दात चार-पाच मिलिमीटरच बाहेर ठेवायचे. दात खालून वर कापत येतात, त्यामुळे वरच्या बाजूचे कपचे उडतात. म्हणून चांगली बाजू खाली ठेवायची. दोन्ही तुकड्यांना खालून आधार हवा, नाही तर कापताना प्लाय वाकून पातं आवळलं जातं. डोळ्यांना चष्मा लावायचा. ओढणी, बांगड्या काढून ठेवायच्या. मशीनच्या सरळ मागे न उभं राहता जरा बाजूला उभं राहायचं.

मग काकांनी बोटांची गोष्ट सांगितली. वीतभर तुकडा कापायचा होता. एवढ्यासाठी पट्टी कोण लावणार, म्हणून मशीन हातानेच चालवलं. पात्याची जाळीही दोरीने वर बांधून ठेवलेली. "तीस वर्षांचा हात होता, ताई. त्यालाच फसलो."

आमची फळी सरळ कापली गेली. मुलगी आता ताठ बसून अभ्यास करते आणि सासूबाई देवघरासाठी फळी मागताहेत. मला मात्र काकांचं ते एक वाक्य सोडत नाही. आपण आधार नवशिक्यांसाठी असतो असं समजतो. गॅसचा नॉब रात्री पुन्हा तपासणं असो की गल्लीपुरतं हेल्मेट घालणं असो, सवयीचा माणूसच ते आधी टाळतो. काम अगदी छोटं वाटू लागलं, की समजावं, पट्टी लावायची वेळ झाली.