दारातलं गटार

काल एक भरून ठेवलेला अर्ज फाडून टाकला. घरासमोरचा चर खडी टाकून बुजवायच्या परवानगीचा. दुसरी गाडी उभी करायला जागा हवी होती. कल्पना नवऱ्याची, पण माझंही तेच मत होतं, उगाच कशाला खोटं बोलू?

आम्ही राहतो सिॲटलजवळ. इथे पावसाळा म्हणजे ऑक्टोबर ते मार्च, आणि तेवढे दिवस हा गवताने भरलेला उथळ, रुंद चर सदा ओला. आमच्या घरात त्याचं नावच 'गटार' पडलं होतं.

मग पुण्याहून बाबा आले. त्यांची नोकरी मृदसंधारणाच्या कामात गेली. पहिल्याच पावसात छत्री घेऊन चराच्या काठावर उभे! "अगं, हे गटार नव्हे. उतार किती बेताचा ठेवलाय बघ. शेतातली माती वाहून जाऊ नये म्हणून आम्ही अशाच गवताच्या चाऱ्या काढायचो."

रस्त्यावरून काळपट, तेलाचा तवंग असलेलं पाणी येत होतं. गवतात शिरलं की त्याचा वेग मोडतो, गाळ खाली बसतो. ब्रेकमधलं तांबं, टायरमधलं जस्त बरंचसं त्या गाळालाच चिकटलेलं असतं. विरघळलेलं विष मात्र नुसत्या गवताला दाद देत नाही, त्याला खालची माती लागते.

बाबांना सेकंड ॲव्हेन्यू नॉर्थवेस्टवरची ती गल्ली दाखवायला नेलं. २००१ मध्ये तिथला रस्ता अरुंद आणि नागमोडी करून कडेने झाडागवताचे चर काढले. नंतर मोजलं तर वाहून जाणारं पाणी जवळजवळ ९९ टक्क्यांनी घटलं होतं. बाबा तिथून हलायलाच तयार नव्हते.

पण मला खरं टोचलं ते माशांचं. समुद्रातून ओढ्यात परतलेल्या कोहो सॅमनच्या माद्या पोटात अंडी तशीच ठेवून मरायच्या. २०२० मध्ये इथल्या शास्त्रज्ञांनी कारण शोधलं: टायरमधल्या एका रसायनापासून तयार होणारं विष. तेच रस्त्याचं पाणी वाळू आणि कंपोस्टच्या थरातून गाळून सोडलं की मासे जगतात, हेही त्याआधी प्रयोगात दिसलं होतं. आणि मी टायर उभे करायला चरच बुजवायला निघाले होते!

असो. नवरा अजून कुरकुरतोय, दुसरी गाडी कोपऱ्यावर लावावी लागते. बाबा पुण्याला परतले. फोनवर नातवाच्या आधी चराची चौकशी.

"गवत फार खाली नाही ना कापलंस? चार-पाच बोटं तरी राहू दे."