घड्याळ, नकाशा आणि जमीन

आम्हां सीमाभागातल्या माणसांना नकाशा म्हटला, की आधी १९५६ ची रेघ आठवते. हिंडलग्यात १९८६ च्या हुतात्म्यांचे स्मारक उभे आहे. इथे तर नकाशा हा काळजाचाच विषय. पण नकाशाशी अगदी निराळे नाते असलेली एक मंडळी आहेत. ती म्हणजे छोटी विमाने उडवणारे हौशी वैमानिक.

सांबऱ्याहून कोल्हापूरचा विमानतळ सरळ रेषेत सुमारे ६० मैल. ताशी १०० मैल वेगाच्या विमानाला, वारा नसेल तर, ३६ मिनिटे. वैमानिक निघण्यापूर्वीच नकाशावर पेन्सिलीने रेघ ओढतो आणि मिनिटे मांडतो. अठराव्या मिनिटाला संकेश्वर, पुढे निपाणी, मग वेदगंगा, दूधगंगा. दिशेत एका अंशाची चूक झाली, तर ६० मैलांवर वाट एक मैलाने चुकते, हा त्यांचा ठोकताळा. आणि नियम असा : आधी घड्याळ पाहा, मग नकाशा, मग जमीन. हा क्रम उलटा केला, म्हणजे खाली दिसलेले गाव नकाशात शोधू लागले, की मन हवे ते गाव शोधून देते. बावरलेल्या माणसाला कुठलीही नदी वेदगंगाच वाटते!

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, तेव्हा त्यांच्या 'पस मॉथ' विमानात रेडिओसुद्धा नव्हता. अहमदाबादेत पेट्रोल आले ते बैलगाडीतून!

आज उपग्रह आहेत. मे २००० मध्ये अमेरिकेने आपल्या उपग्रहांचे अचूक संकेत सर्वांना खुले केले; पुढे आपल्या 'इस्रो'ने विमानतळ प्राधिकरणासह 'गगन' उभारले. पडद्यावर विमान नेमके कुठे आहे ते दिसते. याला नाक मुरडण्यात अर्थ नाही. मृगाच्या ढगांत जमीनच दिसेनाशी होते. तिथे कागदी नकाशा काय करणार? परंतु संकेतही फसवे असू शकतात. खोट्या संकेतांविषयी आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला नोव्हेंबर २०२३ मध्ये परिपत्रक काढावे लागले. पडदा विझला, तर नुसत्या पडद्यावर विसंबलेला वैमानिक कोरा होतो. घड्याळ-नकाशावाल्याला निदान पाच मिनिटांपूर्वी आपण कुठे होतो, एवढे पक्के ठाऊक असते. पुढचा हिशेब तेवढ्यावर मांडता येतो.

शाळेत मुले नकाशात नद्या भरतात, पण कोल्हापूरला जाताना मोबाईलमधली बाई सांगेल तिकडे वळतात. यंदा दिवाळीच्या सुटीत निघाल तेव्हा मुलांच्या हाती कागदी नकाशा द्या. हत्तरगीनंतर किती मिनिटांनी संकेश्वर येईल, हे आधी त्यांना सांगू द्या, मगच खिडकीबाहेर पाहू द्या. पाटी कन्नडमध्ये असो वा मराठीत, गाव वेळेवर आले की पोरांचे चेहरे पाहा.