धाब्याचा कठडा आणि गाडीखालची घोडी



आजच्या मननासाठी अनुवादाचा बाविसावा अध्याय उघडा आणि आठवे वचन वाचा. नवे घर बांधणाऱ्याला तिथे आज्ञा आहे की त्याने धाब्याला कठडा करावा. नाहीतर वरून कोणी पडले तर त्या रक्ताचा दोष घरावर येईल. हे वचन आम्ही अनेकदा वाचले होते. त्याच्या आधी पक्ष्याच्या घरट्याचा नियम आहे, नंतर द्राक्षमळ्यात दोन जातींचे बी न पेरण्याचा. त्यामुळे हा सगळा जुन्या काळचा मामला समजून आम्ही भरभर पुढे जात असू. या पावसाळ्यात मात्र या वचनाने आम्हाला अडवले.

आमच्या मंडळीची एक जुनी व्हॅन आहे. बेळगावच्या उपनगरांतून राहणारे वयस्क सभासद रविवारी सकाळी तिच्यातूनच उपासनेला येतात. तिची देखभाल आम्हा तिघा स्वयंसेवकांकडे. तेलपाणी पाहणे, चाक बदलणे, बारीकसारीक दुरुस्ती हे सगळे आम्ही घरीच करतो. मंडळीचे पैसे वाचतात, याचा आम्हाला थोडा अभिमानही होता.

जुलैतल्या एका शनिवारी संध्याकाळी सायलेन्सरची पट्टी सुटली आणि तो रस्त्याला घासू लागला. गॅरेज बंद झाले होते आणि सकाळी साडेसातला पहिली फेरी होती. आमच्यापैकी एकाच्या घरासमोर गाडी लावली. तिथली जमीन लाल मातीची, पावसाने भिजलेली, फाटकाकडे किंचित उतरती. गाडीबरोबर मिळालेला स्क्रूचा जॅक डाव्या बाजूला मागे लावला. माती मऊ म्हणून त्याच्याखाली वीट ठेवली. हात नीट पोचावा म्हणून चाकही काढून भिंतीला टेकवले. हँडब्रेक ओढला, गाडी गिअरमध्ये टाकली. मग डोळे मिटून छोटी प्रार्थना केली, आणि तरुण संघातला एक मुलगा, अंगाने बारीक म्हणून, गाडीखाली सरकला. वय एकोणीस. घरी विधवा आई आणि शाळेत जाणारी बहीण.

पाच-सात मिनिटे तो खाली होता. गंजलेला नट सुटेना, म्हणून तो पान्याला झटके देत होता. प्रत्येक झटक्याला गाडी जराशी हलत होती, आणि आम्ही वरून "अजून थोडा जोर लाव" म्हणत होतो. इतक्यात आतून वहिनींची हाक आली, "चहा झालाय, आधी प्या, मग काय ते करा." तो बाहेर सरकला. बॅटरी खालीच ठेवून आला. त्याने कप हातात घेतला असेल नसेल, तोच विटेचा कडकन आवाज झाला. गाडी फाटकाकडे सरकली, जॅक आडवा पडला आणि मागचा भाग धप्पकन खाली बसला. बॅटरी जिथे होती, तिथे ब्रेकचा ड्रम मातीत रुतला होता.

आम्ही किती वेळ तसेच उभे होतो, कोण जाणे. मुलगा काहीच बोलला नाही. चहा त्याच्या हातात थंड झाला.

त्या रात्री आम्ही ठरवले की उद्या उपासनेत साक्ष द्यायची. देवाने एका कपभर चहाने एक जीव वाचवला, यापेक्षा मोठी साक्ष कोणती? पाळकसाहेबांना फोन केला. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "साक्ष जरूर द्या. पण आधी कबुली द्या. मुलाला कोणी वाचवले ते सांगा, आणि त्याला त्या गाडीखाली कोणी घातले तेही सांगा."

ते आमच्या मनाला लागले. आम्ही प्रार्थना केली होती, हे खरे. पण ती कशासाठी? जे काम आमच्या हातांनी करायचे होते, ते टाळायला आम्ही प्रार्थनेचा उपयोग केला होता. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सैतान प्रभूला मंदिराच्या शिखरावर नेतो, तेव्हा तो शास्त्रातलेच वचन पुढे करतो. एक्याण्णवाव्या स्तोत्रातले अभिवचन खरेच आहे. पण प्रभूने उडी मारली नाही. देवाची परीक्षा पाहायची नसते, असे उत्तर त्याने दिले. आम्ही "देव सांभाळेल" म्हणून जी गोष्ट केली, ती शिखरावरून उडीच होती. आणि तीही स्वतः मारलेली नव्हे. दुसऱ्याच्या मुलाला ढकलून मारलेली.

रविवारी कबुली दिली. मुलाची आई तिसऱ्या बाकावर बसली होती. उपासनेनंतर ती आमच्याजवळ आली. आम्ही मान खाली घातली. तिने एवढेच विचारले, "ते खाली लावायचे स्टँड कितीला मिळतात हो?" आम्ही आकडा सांगितला. ती काही न बोलता गेली. नाताळच्या रोषणाईला आपण दरवर्षी त्याहून जास्त खर्च करतो, हे तिला सांगावे लागले नाही. आणि त्या रविवारच्या फेऱ्यांचे काय झाले? दोन रिक्षा केल्या, सगळे वेळेवर पोचले. ज्या घाईसाठी आम्ही जीव पणाला लावला, ती घाई एवढीच होती.

पुढच्या शनिवारी उद्यमबागेत लेथवर हयात घालवलेले आमच्या मंडळीतले एक काका घरी आले. त्यांनी जमीन, फुटलेली वीट आणि जॅक पाहिला. "जॅक उचलायला असतो, धरायला नाही," ते म्हणाले. "गाडीबरोबरचा जॅक फक्त चाक बदलण्यापुरता. पायाएवढी त्याची बैठक. हायड्रॉलिक असला तरी आतल्या वायसरवर सगळा भार. ती गेली की गाडी खाली. गाडी धरायला घोडी लागते." घोडी म्हणजे तोच लोखंडी स्टँड, तीन-चार पाय पसरलेला आणि उंचीला खीळ किंवा दात्यांनी अडकणारा. ती नेहमी जोडीने घ्यायची, आणि तिच्यावर लिहिलेली भारक्षमता गाडीच्या वजनाला पुरून उरणारी हवी.

मग त्यांनी आमच्या चुका मोजल्या. वीट वरून दाबली तर बराच भार घेते, पण भार एका टोकावर आला की काही सूचना न देता फुटते. सिमेंटचे पोकळ ब्लॉक तर त्याहून वाईट. हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो, आणि त्यातले एक आम्ही काढूनच ठेवले होते. उरलेले ओल्या उतारावर. गिअरचाही भरवसा नव्हता. आमची व्हॅन मागच्या चाकांवर चालते, आणि एका बाजूचे चाक उचलले की डिफरन्शियलमुळे दुसरे फिरू शकते. पुढच्या चाकांना तर काहीच अडवण नव्हती. "आणि हे चाक," काका भिंतीकडे बोट दाखवत म्हणाले, "हे भिंतीला टेकवून काय उपयोग? ते गाडीखाली आडवे ठेवले असते, तर गाडी त्याच्यावर पडली असती."

तेव्हापासून आम्ही कसे काम करतो, ते इथे लिहितो. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी मुले, जावई, भाचे सुटीच्या दिवशी गाडीखाली शिरतात. त्यांना हे वाचून दाखवा.

जागा सपाट आणि कडक, शक्यतो काँक्रीटची. माती, उतार, उन्हाने मऊ झालेले डांबर नको. जी चाके जमिनीवर राहणार, त्यांना पुढून आणि मागून लाकडाचे ठोकळे. हँडब्रेक, गिअर, किल्ली खिशात. चाक काढायचे असेल तर त्याचे नट गाडी उचलण्याआधी सैल करायचे. उचलल्यावर जोर लावायचा नाही. जॅक कुठे लावायचा, ते गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेले असते. पातळ पत्र्याखाली लावला तर पत्रा चेपून जॅक निसटतो. गाडी हवी तेवढीच उचलायची, मजबूत भागाखाली दोन्ही घोड्या सारख्या उंचीवर लावायच्या, खीळ पूर्ण बसली का ते पाहायचे आणि गाडी हळूहळू त्यांच्यावर उतरवायची. काढलेले चाक बाजूच्या पट्टीखाली आडवे सरकवायचे.

मग सगळ्यात महत्त्वाचे. कोणी खाली जाण्याआधी बाजूला उभे राहून गाडीला दोन्ही हातांनी जोरात धक्का द्यायचा. हलली, करकरली, घोडी सरकली, तर खाली उतरवून पुन्हा पहिल्यापासून. खाली असताना घट्ट नटाला झटके द्यायचे नाहीत. त्यासाठी गॅरेजचा खड्डा किंवा लिफ्ट आहे. डोळ्यांना चष्मा, कारण गंज आणि माती सरळ डोळ्यात पडते. सायलेन्सर गार होऊ द्यायचा, आणि बंद जागेत इंजिन चालू ठेवायचे नाही. मुलांना फाटकाबाहेर ठेवायचे.

आणि एकट्याने कधीच नाही. उपदेशकाचा चौथा अध्याय सांगतो की एकापेक्षा दोघे बरे, कारण एक पडला तर दुसरा त्याला उठवील. आम्ही हे वचन लग्नात वाचतो. आता गाडीजवळही आठवतो. दुसरा माणूस नुसता गप्पा मारायला नसतो. त्याच्या हाताशी दुसरा जॅक असतो, खिशात फोन असतो आणि 112 हा नंबर त्याला पाठ असतो. गाडी हलताना दिसली की "बाहेर ये" म्हणण्याचा अधिकार त्याचा, आणि खालच्याने कारण न विचारता बाहेर यायचे.

एक गोष्ट जपून सांगायची आहे. हे वाचणाऱ्यांत असे एखादे घर असेल, जिथे चहाची हाक वेळेवर आली नाही. त्यांना आम्ही असे म्हणणार नाही की तुमची प्रार्थना कमी पडली. शिलोहातला बुरूज पडून अठरा जण मेले, तेव्हा ते इतरांपेक्षा जास्त पापी होते काय, हा प्रश्न प्रभूनेच लूकच्या तेराव्या अध्यायात विचारला आणि नाही असे उत्तर दिले. पण त्याच श्वासात ऐकणाऱ्यांना त्याने मागे वळायला सांगितले. मेलेल्यांचा हिशेब आपल्याकडे नाही. जिवंत आहेत त्यांच्यासाठी कठडा बांधणे आपल्याकडे आहे.

आमच्याकडे आता घोड्यांची जोडी आहे. ती ज्यांना लागेल त्यांनी न्यावी आणि परत आणून द्यावी. ठोकळे तिच्याबरोबरच आहेत. तो मुलगा अजूनही व्हॅनच्या कामाला येतो. गाडी घोड्यांवर बसली की पहिला धक्का तोच देतो, अगदी अंगातली सगळी ताकद लावून. मग आम्ही प्रार्थना करतो. क्रम आता असा आहे.

हे प्रभू, तू आम्हाला हात आणि अक्कल दिली आहेस. त्या न वापरता तुझ्याकडे मागण्याच्या पापाची आम्हाला क्षमा कर. आमच्या घाईपासून आमची मुले वाचव. आमच्या घरांवर कोणाच्या रक्ताचा दोष येऊ देऊ नकोस. आमेन.