लोणारचे पाणी

हैदराबादेहून जालन्यास आगगाडीने आणि तेथून मोटारीने लोणारला आम्ही पोचलो, ते गेल्या पौषात, उन्हे कलल्यावर. बरोबर मातोश्री होत्या. त्यांचे माहेर मेहकरचे; तेव्हा लोणार हे त्यांना परके गाव नव्हे. भगवान विष्णूंनी लवणासुराला येथेच मारले, ही कथा आम्ही लहानपणी त्यांच्याच तोंडून ऐकलेली. जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झाल्याचे छायाचित्र वर्तमानपत्रात आले, तेव्हा चष्मा सावरीत त्या म्हणाल्या होत्या, “वर आलं बघ राक्षसाचं रक्त!” आम्ही मास्तरकीच्या सवयीने त्यांना जिवाणू समजावून देऊ लागलो. त्यात आमचीही चूकच होती, हे पुढे कळले.

काठावर उभे राहिले की बोलणे आपोआप थांबते. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे प्रचंड विवर काळ्या पाषाणात कोरल्यासारखे दिसते. आकाशातून आलेल्या अशनीच्या आघाताने ते निर्माण झाले. त्याचे वय पूर्वी पन्नास हजार वर्षांच्या आसपास धरीत. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन-पद्धतीच्या मापनाने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे भरले. काठावर धारेचे गोड पाणी अखंड वाहते. तळाशी मात्र पाणी खारट आणि क्षारयुक्त. सरोवरात पाणी येते, पण बाहेर वाट नाही. सूर्य पाणी नेतो आणि खार मागे ठेवतो. आपल्या पापडखाराच्या जातीचाच हा खार. एके काळी तो येथून काढून विकला जाई.

अशा पाण्यात कोण जगणार, असे वाटते. परंतु जगणारे आहेत, आणि ते अगणित आहेत. एरवीचा हिरवा रंग नीलहरित शैवालाचा. २०२० च्या उन्हाळ्यात बाष्पीभवनाने खारटपणा वाढला आणि दुसऱ्याच रहिवाशांचे फावले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने लक्ष घातले, नमुने तपासले गेले, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने निदान केले ते हॅलोआर्किया या एकपेशीय जीवांचे. हे जिवाणू नव्हेत! १९७७ मध्ये कार्ल वूज व जॉर्ज फॉक्स यांनी जीवसृष्टीत ज्यांची निराळी शाखा मांडली, त्या आर्कियांच्या कुळातले हे मीठप्रेमी. प्रखर उन्हापासून बचाव व्हावा म्हणून ते अंगी गुलाबी रंगद्रव्य बाळगतात. नमुन्याचे पाणी काही काळ स्थिर ठेवताच हे जीव तळाशी बसले आणि वरचे पाणी नितळ झाले. रंग पाण्याचा नव्हताच.

मातोश्रींना उतरणे शक्य नव्हते. कमळजादेवीची ओटी आमच्या हाती देऊन त्या काठावरच बसल्या. दाट झाडीतून आम्ही खाली गेलो, तो देवळाच्या वाटेवर पाणी! अलीकडच्या वर्षांत सरोवराची पातळी वाढली आहे. दुष्काळी मुलखात पाणी वाढले, तर कोण तक्रार करील? पण येथे गोड पाणी अति झाले, की खार पातळ होतो. आणि ज्यांचा संसारच खारावर उभा आहे, त्या अदृश्य प्रजेने मग जावे कोठे? नोव्हेंबर २०२० मध्ये सरोवरास रामसर यादीत स्थान मिळाले. सन्मान उचित आहे. मात्र हद्दीवर पहारा ठेवता येतो, पाण्याच्या चवीवर कसा ठेवावा, हा प्रश्न आम्हांस पडला.

दहा वर्षांचे असताना आम्ही या पाण्यात हात घातला होता, तेव्हा ते साबणासारखे बुळबुळीत लागले होते. या वेळी तितके लागले नाही. अर्थात तीस वर्षे खडू धरून बोटेच खरखरीत झाली असतील.

ओटी तशीच घेऊन वर आलो. मातोश्रींनी ती पदरात घेतली, खाली पाहून हात जोडले, आणि विचारले, “पाणी चाखलंस का रे?”

आम्ही नाही म्हणालो.

“मग उतरलास कशाला?” त्या म्हणाल्या, आणि धारेकडे चालू लागल्या.